आकाशपाळणा आणि कायकशुद्धी

संसाराला रहाटपाळण्याची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वर गेलेला खाली येतो, खालचा वर जातो, आणि फेरा संपला की जिथून चढलो तिथेच उतरावे लागते. प्रवचनात हा दृष्टान्त आला की श्रोते माना डोलावतात. दृष्टान्त चांगलाच आहे. पण त्यात एक माणूस नेहमी सुटून जातो. पाळण्यात बसलेले जीव आपल्याला दिसतात, फिरणारे चक्र दिसते. खाली यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून, तेलकट स्वेटर अंगात घालून, वर मान करून उभा असलेला माणूस मात्र दिसत नाही. त्याला हा पाळणा उपमेसाठी नको असतो. त्याच्यावर त्याचे पोट असते, आणि ज्यांची नावेही त्याला ठाऊक नाहीत अशा चाळीस-पन्नास लोकांचा जीव त्या वेळी त्याच्या हातात असतो.

सद्भक्तहो, या लेखात त्याच माणसाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न असा की, गावोगावच्या जत्रांतून पाळणा फिरवणाऱ्याचे काम हे कायक आहे काय? आणि असेल तर त्याची शुद्धी कशात पाहावी?

कायक या शब्दाला शरणांनी दिलेला अर्थ नुसत्या पोटापाण्याच्या उद्योगाचा नाही, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. देह झिजवून, कोणाला न फसवता, गरजेपुरते मिळवावे आणि उरलेले दासोहात घालावे, अशा कामाला त्यांनी कैलासाची योग्यता दिली. चांभार, परीट, दोर वळणारा, बुरूड, नावाडी यांच्यापैकी कोणाचेही काम हलके ठरवले नाही. येथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु पाळणेवाल्यापाशी आले की मन अडखळते. शेतकऱ्याच्या कामातून धान्य निघते, विणकराच्या कामातून वस्त्र. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत, त्यांच्या नावेत बसलेला माणूस पैलतीराला तरी लागे. पाळण्यात बसलेला कुठे लागतो? चाळीस-पन्नास फूट वर जातो, आरडाओरडा करतो आणि जेथे चढला तेथेच उतरतो. हातात काही नाही, पदरात काही नाही, खिशातले पैसे मात्र गेले. घरातली जुनी माणसे जत्रेच्या खर्चाला वायफळ म्हणतात ते याचसाठी.

या शंकेचे उत्तर शरणांच्या मेळ्यातच आहे. बाराव्या शतकातील त्या मेळ्यात नगेय मारितंदे होते. लोकांना हसवणे हेच त्यांचे कायक. बहुरूपी चौडय्या होते, ते सोंगे घेऊन पोट भरीत. त्या दोघांची वचने इतर शरणांच्या वचनांबरोबर जपली गेली. हसून झाल्यावर श्रोत्याच्या हातात काय उरले, असा हिशेब त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. दिवाळीपासून वाकून कापूस वेचणारी बाई पौषात एकदा पाळण्यात बसते, आणि ज्या रानात तिचा जन्म गेला ते रान वरून कसे दिसते हे पहिल्यांदा पाहते. याला वायफळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे असे आम्हाला वाटत नाही.

मात्र येथे थांबून चालणार नाही. आनंद दिला एवढ्याने काम कायक होत असेल तर दारूच्या गुत्तेवाल्यालाही शरण म्हणावे लागेल. तेव्हा कसोटी दुसरीकडे शोधली पाहिजे, आणि त्यासाठी ते काम जवळून पाहिले पाहिजे.

पाळणेवाल्याचे वर्ष तारखांनी नव्हे, तिथींनी चालते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते. मकर संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. तिला सोलापूरकर गड्ड्याची जत्रा म्हणतात. नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि अक्षता सोहळा यांच्या जोडीला होम मैदानावर पाळण्यांची रांग लागते. ज्या शरणाने स्वतः तळे खोदविण्याचे कायक केले, त्यांच्या नावाने भरणाऱ्या यात्रेत शेकडो पाळणेवाल्या हातांना काम मिळते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पौष अमावस्येला आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर, महाशिवरात्रीला गडचिरोलीकडे मार्कंडा, चैत्री पौर्णिमेला चंद्रपूरची महाकाली. एकच पाळणा या साऱ्या ठिकाणी जातो असे नाही. प्रत्येकाचा फेरा निराळा असतो. पण पंचांग सर्वांचे एकच. पाऊस लागला की लोखंड झाकून ठेवावयाचे आणि माणसांनी घरी जायचे किंवा दुसरी मजुरी पाहायची.

आपले पुष्कळ वाचक किनवट, माहूर, पांढरकवडा आणि पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत आहेत, म्हणून आपण केसलापूरच्याच जत्रेत उभे राहू. आदिलाबादहून उटनूरच्या रस्त्याने जाताना इंद्रवेल्ली मंडलात हे गाव लागते. पौष अमावस्येच्या रात्री येथे मेश्राम कुळातले गोंड बांधव नागोबाची महापूजा करतात. पूजेचे पाणी गोदावरीवरून पायी चालत जाऊन आणलेले असते. सिरिकोंड्याचे कुंभार पूजेची मडकी घडवून देतात. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. १९४० मध्ये कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेन्डॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला या भागात धाडले, आणि जत्रेला जमलेल्या आदिवासींची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी तेथेच ऐकावी म्हणून दरबार भरवण्याची रीत त्या दशकात पडली. ती अद्याप चालू आहे. नागोबाचे नवे मंदिर २०२२ मध्ये पुरे झाले, तेही मेश्रामांनी आपसात वर्गणी काढून उभारलेले. दुसऱ्याच्या दारी न जाता देवाचे घर आपल्या कष्टातून बांधणारी ही माणसे आहेत.

जत्रेचा गाभा हा. पाळणे त्याच्या कडेला, दुकानांच्या पलीकडे. तेलुगूत त्याला रंगुल राट्नम म्हणतात, आपण पाळणा म्हणतो. तिकिटाच्या खोक्यातला माणूस लाउडस्पीकरवरून हिंदी, तेलुगू आणि मराठी यांची खिचडी करून हाका मारत असतो. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, कोलंबस नावाची मोठी होडी, मुलांची आगगाडी, आणि थोड्या अंतरावर मौत का कुआँ. मालक एका प्रांतातला, कामगार दुसऱ्या प्रांतातले, जागा तिसऱ्याची. ज्या देवाची जत्रा आहे त्याचे नाव पाळण्यावरच्या पोराला बहुधा ऐकूनच माहीत. फिरतो एवढ्याने कोणी जंगम होत नाही, हे खरे. परंतु घर, गाव, भाषा सोडून लोकांच्या सणाला राबणारा हा माणूस स्वतःच्या सणाला घरी नसतो, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.

आता त्याचा दिवस पाहू. जत्रेच्या चार-सहा दिवस आधी लॉरी येते. पाळण्याचे दोन बाजूंचे लोखंडी पाय थेट मातीवर ठेवत नाहीत. खाली जाड लाकडी ओंडके घालून भार पसरावा लागतो. आदिलाबादची जमीन कापसाची, काळी. ओलीने फुगते, वाळली की भेगाळते. अवकाळी पावसाची एक सर पडली तर एका पायाखालचा ओंडका बोटभर खचायला वेळ लागत नाही. आणि खाली बोटभर खचले की वर टोकाला पाळणा चार-पाच बोटे कलतो. बसणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून चांगला कारागीर रोज सकाळी ओळंबा आणि पाणसळ लावून पाहतो. खांब उभे झाले की चेन पुलीने आस वर चढवायचा, मग आरे एकेक करून नट-बोल्टांनी कसायचे, चारी बाजूंनी ताणाच्या तारा बांधायच्या आणि शेवटी पाळणे टांगायचे. प्रत्येक पाळणा दोन्ही टोकांना एकेका जाड खिळीवर लटकतो. ती खिळी सरकू नये म्हणून तिच्या भोकातून बारीक कॉटर पिन घालून टोके वळवतात. बारा पाळण्यांचे चक्र असेल तर अशा जागा चोवीस. पिन करंगळीहून बारीक, किंमत दोन चहांपेक्षा कमी. एवढ्याशा पिनेच्या भरवशावर एक कुटुंब आकाशात बसलेले असते.

पौषात आदिलाबादेत पारा दहाच्या खाली उतरतो, एखाद्या वर्षी पाचाच्याही खाली जातो. पहाटे लोखंडाला हात लावला तर चटका बसल्यासारखे होते. वंगण थिजलेले असते. अशा वेळी आऱ्यांवरून चढत जाऊन चोवीस जागा हाताने चाचपायच्या, ढिला नट पान्याने आवळायचा, झिजलेली पिन बदलायची. त्यानंतर एकही माणूस न बसवता रिकामी फेरी चालवून कान देऊन ऐकायचे. करकर कुठून येते, आसातून की पट्ट्यातून, हे जाणत्याला आवाजावरून कळते. या सगळ्याला दोन तास लागतात. हे दोन तास कोणी पाहत नाही, त्याचे तिकीट निघत नाही. आणि ते गाळले तरी दहापैकी नऊ दिवस काहीही होत नाही. या कामातली खरी परीक्षा आम्हाला इथे दिसते. दळणाऱ्याने पीठ जाडे काढले तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडते. विणकराचे सूत तुटके असेल तर बाजारात दिसते. पाळणेवाल्याची कसूर मात्र कोणाला दिसत नाही, स्वतःच्या अंतःकरणाखेरीज तिला साक्षी नाही. इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतो तेव्हा आपण एकाग्र आहोत की नाही हे जसे दुसऱ्या कोणाला कळत नाही, तसेच हे आहे. पाहणारा नसताना हात नीट चालतो काय, एवढाच प्रश्न दोन्हीकडे असतो.

दुपार रिकामी जाते. कामगार लॉरीच्या सावलीत झोपतात, चुलीवर भात शिजवतात, कपडे धुतात. दिवस कलला की गर्दी सुरू होते, ती मध्यरात्र उलटेपर्यंत. अमावस्येच्या काळोखात दिव्यांनी उजळलेले चक्र दूरच्या गावांतून दिसते, आणि त्या उजेडाकडे पाहत बैलगाड्या, जीपा, मोटारसायकली येत राहतात. पाळणा भरण्याचीही एक रीत आहे. सगळे एका बाजूला बसवले तर चक्र त्या बाजूने ओढ खाते, यंत्रावर ताण येतो आणि थांबवताना हिसका बसतो. म्हणून एक पाळणा भरला की अर्धा फेरा देऊन समोरचा भरायचा, जाड माणसासमोर जाड, कुटुंबासमोर कुटुंब. हा तोल डोळ्यांनी करावा लागतो, तराजू नसतो.

आणि याच गर्दीत मोह येतो. तो मोठा नसतो, म्हणूनच वाईट. फेरी दहा चकरांची ठरली असेल तर आठव्या चकरेला दांडा ओढायचा. गर्दीत कोण मोजतो? चौघांच्या पाळण्यात पाचवे पोर मांडीवर बसू द्यायचे. दारू पिऊन आलेला गावगुंड दम देतो, त्याला बसवून घ्यायचे, नाहीतर भांडण. हल्ली पोरे वर गेल्यावर मोबाईलवर फोटो काढायला उभी राहतात. खालून ओरडायचे की गल्ला भरतो आहे तोवर दुर्लक्ष करायचे? वारा वाढला तर थांबायचे की आणखी दोन फेऱ्या काढून घ्यायच्या? यातले प्रत्येक कृत्य अर्ध्या मिनिटाचे, एका तिकिटाचे. चोरी म्हणावी तर हसू येईल इतके लहान.

येथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. कल्याणात महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक होते. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि जादा तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास पतीला सांगितले. ते तांदूळ चोरीचे नव्हते. जमिनीवर सांडलेले होते, कोणी मागायला येणार नव्हते. तरीही आजच्या कायकाच्या मापापेक्षा ते अधिक होते, एवढेच लक्कम्मांना खटकले. आठव्या चकरेला ओढलेला दांडा आणि मांडीवरचे पाचवे पोर हे पाळणेवाल्याचे जादा तांदूळ आहेत. फरक इतकाच की मारय्यांचे जादा तांदूळ घरात राहिले असते तरी कोणाचा जीव जाणार नव्हता.

कथा सांगून लेख संपवता आला असता. पण मग आम्ही पाळणेवाल्यावर अन्याय केला असता. कारण मारय्या तांदूळ स्वतः वेचीत आणि स्वतः खात. पाळण्याच्या दांड्यावरचा पोरगा दरमहा ठरलेल्या पगारावर असतो, पुष्कळदा घरच्या लग्नाला किंवा आजारपणाला उचल घेतलेली असते. त्याने दोन चकरा वाचवल्या तरी त्या त्याच्या घरी जात नाहीत, मालकाच्या गल्ल्यात जातात. तांदूळ वेचणारा हात एकाचा, खाणारे तोंड दुसऱ्याचे. मग लक्कम्मांनी कोणाला परत पाठवावे? मालकाला म्हणावे तर तो जागेच्या भाड्याची पावती पुढे करतो. लॉरीभाडे, डिझेल, माणसांचे जेवण आणि सर्वांवर जागेची बोली. आणि वसुलीला हातात रात्री किती, तर आठ-दहा. त्यातली एक पावसाने गेली की कर्ज. बोली कोण लावते? बहुतेक जत्रांत जागेचा लिलाव होतो, जो अधिक देईल त्याला मैदान. लिलाव करणाऱ्या यात्रा समितीला विचारा, ती सांगेल की पाणी, दिवाबत्ती, अन्नदान यांना पैसा लागतो.

सद्भक्तहो, हे आपल्याला लागू आहे. आपल्या मठांच्या, आपल्या देवस्थानांच्या यात्राही भरतात. पंगतीत बसून आपण जो प्रसाद घेतो त्यात मैदानाच्या बोलीचा पैसा असेल तर त्या बोलीने काय विकत घेतले हे पाहायला नको काय? ज्या समितीने सर्वांत चढी बोली स्वीकारली, तिने पाळण्यातला पाचवा माणूस त्याच दिवशी बसवला असे आम्ही म्हणतो. पोराने त्याला फक्त हात धरून वर घेतले. जागेचे भाडे आधीच बेताचे ठरवून टाकणे, उभारणीला पुरेसे दिवस देणे, पहिले तिकीट फाडण्यापूर्वी जाणत्या यंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे आणि वारा-पावसाने बुडालेल्या रात्रीचे भाडे सोडून देणे, हे कोणत्याही समितीच्या हातातले आहे. दासोहाला पैसा कमी पडला तर पंगतीत एक पदार्थ कमी करावा. शरणांना ते चालले असते.

कागदावरच्या परवानग्या असतात, नाही असे नाही. पण १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात झोक्यासारखा हलणारा एक मोठा पाळणा मध्येच तुटून खाली कोसळला आणि माणसे दगावली. ते फिरत्या जत्रेचे मैदान नव्हते, कायम उभारलेले उद्यान होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोहालीच्या मैदानात वर चढलेला पाळणा पन्नासेक फुटांवरून एकदम खाली आला. अनेक जण जखमी झाले. दोन्ही ठिकाणी तिकीट काढून बसलेल्या माणसाला आधी काही दिसणे शक्यच नव्हते. बसणारा भीती विकत घ्यायला येतो, धोका विकत घ्यायला नाही. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते राखणे हेच पाळणेवाल्याचे काम. पोटात गोळा यावा, पण केस वाकडा होऊ नये. (मौत का कुआँची गोष्ट वेगळी. तिथे फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल चालवणाऱ्याचा धोका खराच असतो आणि आपण काठावर उभे राहून त्याच्या जिवाचे तिकीट काढतो. ते तिकीट काढावे की नाही याचा विचार बघणाऱ्याने करायचा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल.)

मालक आणि समिती यांच्याकडे बोट दाखवले म्हणून दांड्यावरचा पोरगा मोकळा झाला काय? आमच्या मते नाही. भाडे त्याच्या हातात नाही, तिकिटाचा दर त्याच्या हातात नाही, पण दांडा त्याच्या हातात आहे. "आज वारा आहे, चालवणार नाही", "हा माणूस प्यालेला आहे, बसवणार नाही", ही वाक्ये त्याच्याशिवाय दुसरे कोणी वेळेवर बोलू शकत नाही. तिकिटाच्या खोक्यात बसलेल्याला वरचे दिसत नाही, मालक तर मुक्कामाला शहरात. पाळणा चालवायला फार अक्कल लागत नाही, तो यंत्राने चालतो. अक्कल आणि धैर्य लागते ते थांबवायला. आणि थांबवल्याबद्दल शाबासकी मिळत नाही. जो अपघात झालाच नाही त्याचा पुरावा कसा देणार? उलट रांगेतले लोक शिव्या घालतात, मुकादम पगार कापण्याची धमकी देतो. काम सुटूही शकते. हे आम्ही लिहितो आहोत, पण लिहिणाऱ्याला उचल फेडायची नसते, हेही खरे. म्हणून पोराने नाही म्हटल्यावर रांगेतल्या चार शहाण्या माणसांनी तिकिटाचे पैसे परत न मागता "बरोबर आहे त्याचे" एवढे म्हणावे. त्याच्या कायकातला तेवढा वाटा आपल्याला उचलता येतो.

एक गोष्ट आणखी, आणि ती आम्हाला अजून नीट सुटलेली नाही. दुपारी गर्दी नसताना पाळण्याभोवती पाच-सात पोरे घुटमळत असतात. पायांत चप्पल नाही, खिशात पैसा नाही, नजर वर लागलेली. एखादे कुटुंब तिकीट काढून एका बाजूला बसले की पाळणेवाला त्या पोरांना हाक मारतो आणि समोरच्या पाळण्यात फुकट बसवतो. पोरांना स्वर्ग दोन बोटे उरतो. पाहणारा म्हणतो, काय दिलदार माणूस! पण मघाशी सांगितलेली रीत आठवा. समोर वजन नसेल तर चक्र ओढ खाते. ही पोरे म्हणजे त्याला तोल आहे. मग याला दासोह म्हणावे की सोय? शिवाय पाळणा मालकाचा, डिझेल मालकाचे. जे आपले नाही ते दिल्याने दासोह घडतो काय? कडक हिशेब केला तर नाही. पण तोलाला लॉरीतली वाळूची पोती टाकता आली असती. हाताखालच्या दोन माणसांना चढवता आले असते. त्याने पोरांनाच हाक मारली. शरणांनी दासोहात दात्याचा अहंकार उरू नये म्हणून एवढा जीव टाकला. येथे देणाऱ्याला आपण काही दिले हे माहीतही नाही, तो तोल सांभाळतो आहे इतकेच त्याच्या डोक्यात आहे. आणि बसवल्यावर तो प्रत्येक पोराच्या पुढची साखळी अडकवतो, ओढून पाहतो, तिकीटवाल्याची पाहतो तशीच. आमचा कौल कुठे झुकतो हे वाचकांनी ओळखले असेल.

जत्रा फुटते तेव्हा देवाचे मानकरी आपल्या वाटेने जातात, दुकानांची पाले उतरतात, मैदानात उसाची चिपाडे आणि नारळाच्या शेंड्या राहतात. पाळणा उतरवायला एक रात्र आणि अर्धा दिवस. चढवताना शेवटी टांगलेले पाळणे आता आधी उतरतात, मग आरे, मग आस. पुढच्या गावची तिथी जवळ आलेली असते, लॉरीचा ड्रायव्हर घाई करतो. खिळ्या, नट आणि बोल्ट गोणपाटावर मांडून मोजायचे असतात. चोवीस खिळ्या मोजायच्या, तेवीस भरल्या तर पुन्हा मोजायच्या. तरीही तेवीसच भरल्या तर बॅटरी घेऊन काळ्या मातीत, चिपाडांत, भेगांत वाकून शोधत बसायचे. पुढच्या गावी लोहाराकडे वाढीव खिळी मिळते, सळईचा तुकडा कापून काम भागवणारेही असतात. ड्रायव्हर हॉर्न देतो. बॅटरी मैदानातून हळूहळू पुढे सरकत राहते.